न धुतलेली गोधडी

गोधडीला पहिलं भोक दिसलं तेव्हा ती जाऊन आठ महिने झाले होते. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. पांघरल्यावर छातीवर येतं, त्या जागी. बोट लावलं तर आतलं हिरवं कापड लागलं. पोरीच्या लहानपणीच्या परकराचं होतं ते. एका भोकानं काय होतं, म्हटलं, आणि घडी करून ठेवली.

ती म्हणजे माझी बायको. नाव लिहीत नाही. ती होती तेव्हाही मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, आता कागदावर कशाला मारू.

आम्ही खानदेशातले. ऐंशी सालानंतर सिल्वासात कारखान्याला लागून कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्याकडची पुष्कळ माणसं इकडे आली. त्यात मी. शिक्षण चौथी. धाग्याच्या कंपनीत लागलो. एका बाजूनं कच्चा पॉलिस्टरचा धागा मशीनवर चढायचा, तापून, पीळ खाऊन दुसऱ्या बाजूनं बॉबिनवर उतरायचा. आमचं काम एकच. तुटला धागा की पकडायचा आणि गाठ मारायची. आठ तास गाठी. मी न बघता गाठ मारायचो, नव्या माणसाला सुपरवायझर माझ्याशेजारी उभा करायचा आणि म्हणायचा, "आमना हाथ जो." याचे हात बघ. दोन वर्षांनी बायकोला आणि पोरीला घेऊन आलो. किलवणीच्या रस्त्याला चाळीत एक खोली. वर पत्रे, कोपऱ्यात मोरी.

तिला हे गाव कधी आवडलं नाही. इथली ओल तिला खुपायची. पापड मऊ पडायचे, मिठाला पाणी सुटायचं, पेटीतल्या कपड्यांवर बुरशी यायची. "या गावात माणूस पण वाळत नाही," म्हणायची. पण गोधडी तिनं इथंच शिवली. तिच्या आईची दोन लुगडी, स्वतःच्या विटक्या साड्या, पोरीचे परकर. खोलीत पसरायला जागा नव्हती, म्हणून चाळीच्या पडवीत पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडायची, "उडी मारून जा रे भाऊ. पाय दिला तर पायासकट शिवून टाकीन." उन्हाळाभर ते चाललं. पोस्टमनसुद्धा उडी मारून जायचा.

एका वर्षी गणपती उठल्यावर तिला कावीळ झाली. आधी मनावर घेतलं नाही. मग घेतलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. शेवटचे अठरा-वीस दिवस ती त्या गोधडीतच होती, आणि त्यातच गेली.

आमच्यात माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. दहाव्याच्या आत बायका येतात, सगळं बाहेर काढतात. काही धुतात, काही कोणाला देतात, काही नदीला सोडतात. मला हे माहीत होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी गोधडी खताच्या गोणीत कोंबली, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि कंपनीत जाऊन माझ्या लॉकरमध्ये ठेवली. सुतकात माणूस कंपनीत कशाला आला, कोणी विचारलं नाही. कंपनीत बाहेर नेणाऱ्याची झडती असते. आत आणणाऱ्याला कोण विचारतो.

बायका आल्या. शेजारच्या खोलीतल्या वहिनी पुढे होत्या. त्यांचा नवरा माझ्याच कंपनीत, दुसऱ्या पाळीला. त्यामुळे मी त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊजी. मोठ्या तोंडाची बाई, पण माझ्या बायकोला शेवटी पाणी पाजलं ते तिनंच.

"गोधडी कुठं आहे, भाऊजी?"

"दिली एकाला."

"कोणाला?"

"होता एक."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीचं अंथरूण बाहेर काढायला घेतलं. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झालो आणि सुटताना गोणी घेऊन निघालो. गेटवर वॉचमननं उघडायला लावली. त्याला वाटलं, धागा चोरला. आतून गोधडी निघाली.

"ये क्या है?"

"पांघरूण माझं."

"कंपनी में सोने आता है क्या?"

हसले सगळे. हसू दे. मी ती घरी आणली.

का आणली ते सांगतो. वासासाठी. तिच्या डोक्याचं खोबरेल, कपाळाला चोळायची तो बाम, लसूण, चुलीचा धूर, आणि शेवटच्या दिवसांतला आजाराचा कडवट वास, तोसुद्धा. तोंडावरून गोधडी ओढली की ती खोलीत असल्यासारखी वाटायची. मी तिला जिवंतपणी कधी एवढं जवळ घेतलं नव्हतं, हे खरं आहे, लिहायला लाज नाही. आमच्या वेळी एका खोलीत पोरगी, मधूनमधून येऊन राहणारी सासू, आला-गेला, सगळे. ती गेल्यावर मला वेळ मिळाला.

म्हणून गोधडी धुवायची नाही, हे मी ठरवलं. उन्हात सुद्धा घातली नाही, वास उडेल म्हणून. घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवायची, झाकण लावायचं.

सिल्वासात न धुतलेलं, न वाळवलेलं कापड बंद पेटीत ठेवणं म्हणजे काय, ते कोणत्याही बाईनं सांगितलं असतं. मी कोणाला विचारलं नाही. त्या पावसाळ्यात ओलीनं कापड कुजलं, कसर लागली. एका भोकाची सात झाली, मग मोजायचं सोडलं. काही मोहरीएवढी, काही डाळीएवढी. फाटलं नव्हतं कुठं. नुसती बारीक बारीक भोकं, आणि एकेका भोकातून आतला वेगळा रंग दिसायचा.

दिवाळीला पोरगी आली. तिचं लग्न आई जायच्या आधी दोन वर्षं झालं होतं, धुळ्याकडे दिली होती. मी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आलो तर पेटी उघडी आणि गोधडी पोरीच्या मांडीवर.

मी दारातूनच ओरडलो, "ठेव ती! हात लावायचा नाही!"

ती दचकली. "धुवायला काढली होती, बाबा. केवढी मळली आहे."

"तुला सांगितलं कोणी? सासरी जाऊन धू काय धुवायचं ते."

असं बोललो. मी तिच्या हातातून गोधडी ओढली, तेव्हा एक भोक तिच्या बोटात अडकून मोठं झालं, टर्र आवाज आला. पोरगी भाऊबीजेपर्यंत राहणार होती, पाडव्यालाच गेली. वापीच्या बसमध्ये बसवायला गेलो तेव्हा खिडकीतून म्हणाली, "जेवत जा वेळेवर." एवढंच. संक्रांतीला पत्र आलं नाही. दरवर्षी यायचं, तिळगुळाच्या पुडीसकट.

मग मी शिवायला बसलो.

मला वाटलं, यात काय आहे. मी धाग्यातला माणूस. कंपनीतून वेस्टचा धागा आणला, सुपरवायझरला विचारून. पांढरा, चकचकीत, हातानं ओढून तुटायचा नाही असा. सुई घेतली, भोकाच्या कडा एकमेकींजवळ ओढल्या आणि आवळून गाठ मारली. एका भोकाला दोन गाठी, मोठ्याला तीन. कंपनीत मारतो तशा, पक्क्या. आठवड्याच्या एका सुटीत सगळी भोकं बंद केली. फार बरं वाटलं. तिनं बघायला पाहिजे होतं, असंही वाटलं.

चार दिवसांत प्रत्येक गाठीच्या दोन्ही बाजूंना नवीन भोक पडलं. गाठ जिथल्या तिथं, हसत बसलेली, आणि कापड तिच्यापासून फाटून बाजूला झालेलं. मी त्या भोकांना परत गाठी मारल्या. ती अजून फाटली. डाळीएवढं होतं ते रुपयाएवढं झालं. तिच्या धावदोऱ्याच्या ओळी सरळ चाललेल्या असायच्या, त्या माझ्या गाठींपाशी येऊन तुटायला लागल्या. तेव्हा मी घाबरलो. भोकं पडली होती तोवर मला काही वाटलं नव्हतं. टाके तिचे होते. ते गेले तर तिच्या हातचं दुसरं काय होतं माझ्याकडे? फोटोसुद्धा एकच, तोही लग्नातला, त्यात तिचं तोंड खाली.

वहिनींकडे गोधडी घेऊन गेलो. त्या पडवीत लसूण सोलत होत्या. गोधडी बघितली आणि आधी हसल्या.

"एकाला दिली होती ना? तो एक तुम्हीच का?"

"हो."

"मला माहीत होतं. अरे माय माय माय, हे काय केलं भाऊजी? पोत्याचं तोंड शिवलं का?"

"मजबूत धागा आहे."

"तेच तर. कापड वीस वर्षांचं म्हातारं, आणि त्याला बांधलं तुम्ही या पैलवानाला. तो हलत नाही, मग कापड फाटतं. गोधडीत कधी गाठ मारता का? अंगाला टोचते ती, आणि ओढते. दोरा जुन्या कापडातून उसवून काढायचा, दोन टाके मागं घ्यायचे आणि सोडून द्यायचं शेपूट. ठिगळ पण जुन्याचंच. हिनं तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. ती गोधडी शिवत होती तेव्हा मी एक अख्खं बॉबिन आणून तिच्यापुढं ठेवलं होतं, मोठ्या हौसेनं. तिनं एकदा ओढून बघितलं आणि परत दिलं. "हा तुमचा दोरा मेला म्हाताराच होत नाही. नेऊन द्या कंपनीला." मी दोन दिवस रुसलो होतो. रुसण्यापलीकडे त्यातलं काही मी डोक्यात घेतलं नव्हतं.

वहिनींनी गोधडी नाकाजवळ नेली आणि लांब धरली. "आणि आधी ही धुवा. मळानं कापड ताठ झालंय. ताठ कापडाला सुई लावली की ते टचकन जातं. धुवायची, मऊ करायची, वाळवायची, मग टाका. न धुता तुम्ही सोन्याच्या दोऱ्यानं शिवा, राहणार नाही."

"धुवायची नाही."

"का बरं?"

मी गोधडी त्यांच्या हातातून काढून घेतली. पण त्या बाईला समजलं. लसूण बाजूला ठेवला.

"तिचा वास आहे म्हणून?"

मी मान हलवली.

"भाऊजी, दीड वर्ष होत आलं, तुम्ही पांघरता. तिचा वास कधीच गेला असेल. हा तुमचा आहे. बिडीचा, आणि तुमच्या मशीनच्या तेलाचा."

मला इतका राग आला की मी गोधडी उचलून घरी आलो आणि आठ-दहा दिवस वहिनींशी बोललो नाही. त्यांनी भाजीची वाटी पाठवली तीसुद्धा परत पाठवली. घरी रोज तोंड गोधडीत खुपसून बसायचो आणि शोधायचो. बाम सापडायचा. खोबरेल सापडायचं. मग वाटायचं, की मीच मनानं घालतो आहे? असं शोधत बसलं की नाकालाही कळेनासं होतं. पण रोज उचलताना-ठेवताना कापड जात होतं, ते डोळ्यांना कळत होतं. मधली एक ओळ वीतभर उसवली. त्या दिवशी मी ठरवलं. वास ठेवला तर गोधडी जाणार, आणि गोधडी गेली की वासही राहणार नाही. ठेवायची तर एकच गोष्ट राहील, आणि ती हाताला लागेल अशी असू दे.

माझे पॉलिस्टरचे टाके आधी ब्लेडनं कापून काढले. त्याला दोन सुट्या गेल्या. मग एका सकाळी गोधडी सायकलला बांधून दमणगंगेवर गेलो.

धोपटायची नाही, पायानं तुडवायची, एवढं मला कळत होतं. साबणाची वडी फिरवली आणि खडकावरच्या उथळ पाण्यात उभा राहून तुडवत राहिलो. पाणी काळं निघालं. मग तपकिरी. साबणाचा फेस सुद्धा मातकट. ते पाणी माझ्या पायांवरून पुढं जाऊन नदीत मिसळायचं, आणि दहा हातांवर नदी परत होती तशी. एकदा मला वाटलं, पुरे, अर्धीच धुवून न्यावी. एक कोपरा तरी कोरडा ठेवायला पाहिजे होता. पण तोवर सगळी भिजली होती.

भिजलेली गोधडी एका माणसाला उचलत नाही. पिळणं तर दोघांचंच काम. वर्षातून दोन-तीनदा सुटीच्या दिवशी ती मला याच नदीवर घेऊन यायची, एक टोक माझ्या हातात द्यायची, दुसरं स्वतः धरायची आणि पीळ घालायची. मी हमखास चुकायचो. ती फिरवायची तिकडेच मीही फिरवायचो, मग गोधडी नुसती गोल फिरायची आणि पाणी थेंबभर निघायचं नाही. ती चारचौघींत ओरडायची, "अहो, उलटं! माझ्या उलटं! एरवी सगळं माझ्या उलटंच करता ना, मग आजच काय झालं?" बाकीच्या बायका पाण्यात बसून हसायच्या. मी चिडून टोक सोडायचो. ते खडकावर आपटायचं, परत धुवायला लागायचं, आणि तिला अजून हसू यायचं.

त्या दिवशी मी टोक हातात घेऊन उभा होतो. पलीकडे कोणी नव्हतं. बाजूला एक वारली बाई भांडी घासत होती. ती मला बघत होती बहुतेक बराच वेळ. हात धुवून उठली, दुसरं टोक उचललं आणि म्हणाली, "धर." मी धरलं. तिनं फिरवलं, मी उलटं फिरवलं. पाणी धो धो निघालं. ती परत जाऊन भांड्यांशी बसली.  

गोधडी खडकावर पसरली आणि शेजारी बसून राहिलो. तिसऱ्या प्रहरी वाळली. नाक लावलं. साबण आणि ऊन. दुसरं काही नाही. मी तिथं बसून रडलो. मोठ्यानं रडलो. गुरं राखणारा एकजण थांबून बघून गेला.

पण वहिनींचं खरं निघालं. कापड मऊ झालं होतं. सुई लोण्यातून जावी तशी गेली. मी माझ्या जुन्या लेंग्याची ठिगळं कापली, त्याच लेंग्याचा दोरा उसवून घेतला, पाण्यात बुडवून सरळ केला. ठिगळ भोकापेक्षा बोटभर मोठं, कडा आत दुमडलेल्या, टाका सैल, गाठ नाही. एका सुटीला तीन भोकं, कधी चार. वहिनी येऊन तपासायच्या. "टाके आहेत का कोंबडीची पावलं?" म्हणायच्या. आणि बसून एखादं ठिगळ स्वतः नीट करून द्यायच्या. भाजीची वाटीही परत सुरू झाली. तिच्या ओळी जिथं तुटल्या होत्या तिथं मी माझी ओळ जोडली. तिची सरळ, माझी नाल्यासारखी वाकडी. चष्मा लावूनही वाकडीच.

चैत्र अर्धा सरला तेव्हा शेवटचं भोक बुजलं. मी पोरीला कार्ड टाकलं. मला लिहायला जमत नाही, दोनच ओळी लिहिल्या. "गोधडी धुतली. आखाजीला ये." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडची पोरगी माहेरी येतेच, पण त्या वर्षी ती येईल की नाही, मला खात्री नव्हती.

आली. सांजोऱ्या घेऊन आली. जेवणं झाली, दुपार झाली. मी पेटीतून गोधडी काढून तिच्यापुढं ठेवली, बघ म्हटलं. तिनं उलगडली. माझी ठिगळं बघितली, एकावर बोट फिरवलं, जरा हसली. मग गोधडी उचलून तिनं तोंडावर धरली. खूप वेळ धरली. खाली घेतली तेव्हा तोंड पडलेलं.

"कुठंच येत नाही आता," म्हणाली.

"काय येत नाही?"

"आईचा वास. दिवाळीत येत होता, बाबा. थोडा होता, पण होता. मी धुवायला नव्हती काढली. तुम्ही असे ओरडलात, मग मी आपलं म्हटलं धुवायला काढली."

मी भिंतीला टेकून बसलो होतो, तसाच राहिलो. दीड वर्ष मी एकट्यानं ती पेटीत बंद करून ठेवली. आई तिचीही होती, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. जी पोरगी दोन दिवस मांडीवर घेऊन बसली असती, तिच्या हातातून ओढून घेतली, आणि शेवटी जाऊन तो वास नदीत सोडून आलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. तिच्या आईला हे मी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायच्या पुष्कळ वेळा आल्या होत्या.

पोरगी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि गोधडी अंगावर ओढून घेतली, डोक्यापर्यंत. वैशाखाची दुपार, पत्रे तापलेले, खोलीत बसवत नव्हतं. मी टेबल पंखा तिच्या बाजूला वळवला आणि बाहेर पडवीत जाऊन बसलो.